मी कंच्या रंगातला रं?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही — आईला तर नाहीच. आता लिहायला बसलोय तर खोलीचं दार आधी लावून घेतलं. एवढी भीती वाटते मला, अजून.

सुरुवात एका खेळापासून करावी लागेल. हसू नका. टीव्हीवर खेळायचा अमेरिकन फुटबॉल — आणि तोही कोल्हापुरात, जिथे खऱ्या फुटबॉलवरून पेठापेठांत डोकी फुटतात! माझे वडील, अण्णा, तरुणपणी तालमीच्या संघाचे गोलकीपर. गुडघे गेल्यावर घरात बसून सगळ्यांवर चिडायचे, म्हणून मी हा व्हिडिओ गेम आणला. पहिल्या दिवशी म्हणाले, “चेंडू काखंत मारून पळत्यात, ह्यो कसला फुटबॉल?” आठवड्याभरात जेवायला हाका मारल्या तरी उठेनात.

का? कारण ती नुसती पळापळ नाहीच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर सगळं थांबतं. पडद्यावर डावांचे नकाशे येतात. तुम्ही एक निवडायचा, समोरचा त्याचा निवडतो, मग दोन्ही फळ्या वाकून समोरासमोर उभ्या राहतात. तेवढ्यात ओळखायचं — हा अंगावर येणार की मागे सरणार? अण्णांना त्यात कुस्ती दिसली. त्यांनी डावांना कुस्तीतली नावं दिली. ढाक, घिस्सा... चेंडू शेजारच्याला दिल्यासारखं करून लांब फेकायचा, तो कलाजंग. मी इंजिनिअर माणूस, पण मला त्यांनी धू धू धुतलं. स्वयंपाकघरातून आई विचारायची, “कोण जिंकलं रं?” “आनि कोण!” अण्णा ओरडायचे.

मग — कसं सांगू — मी जिंकायला लागलो. आणि मला आनंद झाला. तोही लपवत नाही.

अण्णा ‘कलाजंग’ म्हणायचे आणि भलताच डाव निवडायचे. आत्ताच फसलेला डाव पुन्हा, परत पुन्हा तोच. मी टाळ्या पिटत होतो. एका रविवारी दुपारी, ऐन खेळात, त्यांनी अगदी हळू विचारलं, “मी कंच्या रंगातला रं?”

पहिल्या दिवसापासून त्यांचा संघ निळाच होता.

आजोबांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना स्वतःचं घर ओळखू येईना. आजोबा, आता अण्णा — मग पुढे कोण? हा विचार आला आणि मी घाबरलो. अण्णांसाठी नाही हो, स्वतःसाठी. मग मी काय केलं? ताईला फोन केला? डॉक्टरकडे नेलं? “निळं, अण्णा,” म्हणालो, आणि त्या दिवसापासून मुद्दाम हरायला लागलो. चेंडू सोडायचा, उलट्या बाजूला पळायचं. आईला स्वयंपाकघरात अण्णांचा जिंकल्याचा आवाज यायचा. तिच्या लेखी सगळं ठीक होतं. वर्षभर मी ते तसं ठेवलं.

एका सकाळी अण्णा गंगावेशीत दूध आणायला स्कूटर घेऊन गेले, ते आलेच नाहीत. दुपारी फोन आला, वीसेक किलोमीटरवरच्या कागलच्याही पुढच्या एका पंक्चरवाल्याचा. “पावणं, तुमचं वडील हितं बसल्यात. ट्रकखाली जाता जाता वाचलं बघा. घर कुठं इचारलं तर सांगंनात, म्हनून त्यांच्याच मोबाईलवरनं फोन लावला.” मी पोचलो तेव्हा रिकामी किटली मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून हसले, पण नावाने हाक मारली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून?” आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “याच महिन्यात.”

बाहेर बाकड्यावर आई रडत होती. “मी दिवसभर घरात. मला कसं कळलं न्हाई? तुमी एवढं खेळत बसायचा, तुला तरी कधी काय वाटलं?”

“नाही,” मी म्हणालो.

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुझी काय चूक? माझंच ध्यान न्हवतं.”

मी तिला तसं म्हणू दिलं. अजून म्हणू देतो. घरी कुणी चौकशीला आलं की ती हेच सांगते, आणि मी शेजारी बसून चहा पितो. तिला कधी कळेल याची भीती वाटते. कळायच्या आधीच ती जाईल, याची त्याहून जास्त.

दुपारी आम्ही अजून खेळायला बसतो. अण्णांच्या हातात कंट्रोलर असतो, ते बटण दाबत नाहीत. मी त्यांच्या बोटांवर बोटं ठेवून दाबतो. आतून आई विचारते, “कोण जिंकलं रं?”

“अण्णा,” मी सांगतो.