पोटदुखी लिही

"ह्याचं मन लागत नाही म्हणे! बायकोला कुरियरने मागवू का रे, मियाँ?"

साहेबाने माझा रजेचा अर्ज सकाळच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला, सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीतही. चाळीस माणसं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

मी रत्नागिरीकडचा, कुवेतला सुलैबियातल्या एका कंपनीत स्टोअरकीपर. साहेब पुण्याचा इंजिनियर. आपल्या भाषेतला माणूस, म्हणून अर्जात खरं लिहिलं होतं. तीन महिने झोप नाही, अन्न गोड लागत नाही, मन लागत नाही. आपला माणूस! कपाळ माझं. त्या दिवसापासून डोक्यात एकच घोकणं: मी बिनकामाचा.

हसला नाही तो एकटा लिन, आमचा चिनी वेल्डर. शुक्रवारी सुट्टीला त्याने मला जलीब वस्तीतल्या नेट कॅफेत ओढून नेलं. तो दर शुक्रवारी तिथे बसायचा. इंग्रजी शिकतो, असं सगळ्यांना सांगायचा. कसलं इंग्रजी! पडद्यावर सगळी चिनी अक्षरं. डिप्रेशनवरच्या उपचाराचे धडे, त्यानेच सांगितलं. त्याच्या देशातली एक बाई धडा पाठवायची, हा उत्तरं लिहायचा.

"आमच्यातही असंच," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मन म्हणायचं नाही. डोकं दुखतं म्हणायचं."

त्याने कागदावर दोन रकाने आखले. एकात मनात आलेला विचार, दुसऱ्यात त्याचा पुरावा.

अरे, हे तर माझंच काम! रजिस्टरात शंभर व्हॉल्व्ह लिहिलेत म्हणून शंभर असतात होय? रॅकपाशी जाऊन हाताने मोजायचे. सहा वर्षं मी तेच केलं, आणि 'मी बिनकामाचा' हे मात्र न मोजता डोक्यात भरून घेतलं.

लिहायला बसलो. मी बिनकामाचा. पुरावा? सहा वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक नट हरवला नाही. खोडलं. मी नाटकी. पुरावा? आठ किलो वजन उतरलंय, नाटकाने उतरतं काय? खोडलं. साहेब मला माणसात धरत नाही. पुरावा? बाकीच्यांना नावाने हाक, मला मियाँ. दुसऱ्या कुणाचा अर्ज त्याने कधी वाचून दाखवला नाही.

हे काही खोडता येईना. मी लिनला इंग्रजीत वाचून दाखवलं.

"हा विचार आजार नाही," तो म्हणाला. "हा खरा आहे."

बरं वाटायला पुढे महिने गेले. पण नवा अर्ज मी रविवारीच दिला. कारण: डिप्रेशन, डॉक्टरला दाखवायचंय. साहेबाने हात लावायच्या आत मीटिंगमध्ये मीच उभा राहून मोठ्याने वाचला.

साहेब जवळ येऊन पुटपुटला, "अरे, रेकॉर्डला जाईल. इकामा, इथे राहायचा परवानाच, रद्द करून घरी पाठवतील. पोटदुखी लिही."

घरी खाणारी पाच तोंडं.

"पोट ठीक आहे माझं," मी म्हणालो. "आणि माझं नाव मियाँ नाही. अर्जावर लिहिलंय, वाचा."

त्याने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उभा राहिलो, पुन्हा वाचला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याने माझं नाव घेऊन हाक मारली आणि सही केली.

तेव्हापासून रजेच्या अर्जावर मी खोटं कारण लिहिलेलं नाही. पाठवायचं तर पाठवा घरी. पोटदुखी लिहिणार नाही.