संमेलनाची लाल थैली

आमच्या भाऊबंदकीत श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, सणाला रोट असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळून आणायचे आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बायकांची मूठ मोजत नाहीत. गहू निवडणे, दळणे, रांधणे हे सगळे त्याच करतात, त्यामुळे वेगळी मूठ मोजायची गरज कुणाला वाटली नसावी. मी तीस-बत्तीस वर्षे कॉलेजात शिकवले आणि या प्रकारावर वर्गात बरेच विनोद केले. दर वर्षी माझी सव्वा मूठ मात्र मोजली जात होती आणि रोट मी दोन वेळा मागून खात होतो.

त्या वर्षी कानबाई आमच्याकडे, धुळ्यात देवपूरच्या घरी होती. घरात मी, सून आणि नात असे तिघे. मुलगा दीपनगरला वीज केंद्रात असतो, सुट्टीला येतो. नातीची शाळा आणि तिला शिकवणाऱ्या मॅडम धुळ्यात आहेत, म्हणून सून इथे राहते. नात नऊ वर्षांची आहे. ती स्वमग्न आहे. तिला चाळीसेक शब्द बोलता येतात आणि त्यांतला प्रत्येक शब्द तिच्या आईने एका वहीत तारखेसह लिहून ठेवलेला आहे. माझ्या नावावर जे काही प्रसिद्ध झाले आहे, त्यापेक्षा ती वही जास्त काळजीपूर्वक लिहिलेली आहे.

चौथा सदस्य बोका. तो दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मागच्या पडवीत आला आणि राहिला. सुनेने त्याला दोन-तीन नावे ठेवून पाहिली. नातीने ती मानली नाहीत. ती त्याला ‘तो’ म्हणते. तिला कुणी हात लावलेला खपत नाही, आईनेसुद्धा आधी सांगून लावावा लागतो. पण शाळेतून आली की चार वाजता ती हॉलमधल्या फरशीवर पालथी पडते, बोका येऊन तिच्या पाठीवर बसतो आणि दोघे अर्धा-पाऊण तास तसेच असतात. कुकरची शिटी झाली की ती कानावर हात दाबून ओरडायची. बोका आल्यापासून शिटीच्या वेळी तो तिच्या पावलांवर जाऊन बसतो आणि ती नुसतीच डोळे मिटते. त्याला बोलवायची तिची खूण ठरलेली आहे. स्टीलची वाटी फरशीवर दोनदा वाजवायची, थांबायचे, मग एकदा. मला हा सगळा प्रकार वर्तमानपत्रातल्या रविवार पुरवणीसारखा गोग्गोड वाटायचा. मी तो चष्म्यावरून बघत असे.

शुक्रवारी गहू मोजायला माणसे जमली. साक्रीकडच्या गावाहून माझी थोरली बहीण, अक्का, आली होती. जळगावहून चुलतभाऊ आला होता. तो निवृत्त अधिकारी आहे, तीन संस्थांचा अध्यक्ष आहे आणि बसल्या जागीही उद्घाटनाला आल्यासारखा बसतो. अक्का एकेकाचे नाव घेऊन मूठ टाकत होती. नात शेजारी उभी राहून ऐकत होती. तिला मोजणे आवडते. सून तिला समजावत होती, “घरात जेवढे पुरुष, तेवढ्या मुठी.” अकरा झाल्या. अक्काने हात झटकला, तेवढ्यात नातीने पोत्यात हात घातला, एक मूठ भरून परातीत टाकली आणि मग चिमटीने वरचा पाव हिस्साही टाकला.

“हाई कोनी मूठ शे?” अक्काने विचारले.

नातीने खिडकीत बसलेल्या बोक्याकडे बोट केले. “तो.”

तर्कात कुठेही चूक नव्हती. बोका पुरुष होता आणि घरातला होता. माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याने नियम इतक्या शुद्धपणे लावून दाखवलेला मला आठवत नाही.

अक्काने बोक्याकडे पाहिले. मग म्हणाली, “माणसनी मूठ ऱ्हास, मांजरनी नही. पुन्हा मोजा बठ्ठं.” तिने परात रिकामी केली आणि पहिल्यापासून मोजायला घेतले. ती चिडलेली नव्हती. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

चुलतभावाच्या दृष्टीने सुरू झाला. “नाना, तुमच्याकडे बोकाही भाऊबंद झाला म्हणायचा. जमिनीच्या उताऱ्यावर चढवलाय का?” चार जण हसले. मीही हसलो. मग तो आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “पोरीला तुम्ही फार मोकळं सोडलंय. रविवारी पन्नास माणूस येईल. देवीपुढे मांजर फिरलं तर बरं दिसेल का?”

कानबाईचे मला काही नव्हते. बरे दिसण्याचे होते. पन्नास माणसांपुढे माझी नात फरशीवर पालथी पडेल, तिच्या पाठीवर मांजर बसेल आणि चुलतभाऊ त्याच आवाजात कुणाला तरी काही सांगेल, हे चित्र त्या दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बोक्याला दोन दिवस गच्चीवरच्या खोलीत ठेवता आले असते. सुनेला विचारले असते तर तिने तेच सुचवले असते. म्हणूनच मी विचारले नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी बोक्याला दूध दाखवून थैलीत घातले. थैली लाल होती, चेनची. एका साहित्य संमेलनात आम्हा प्रतिनिधींना मिळालेली. तिच्यावर करुणेविषयी एक वाक्य छापलेले होते. त्या संमेलनात करुणेवर दोन परिसंवाद झाले होते आणि जेवणाच्या रांगेत एका ज्येष्ठ कवीला कोपर लागून त्यांचा दात हलला होता. चेन बोटभर उघडी ठेवली. नात पायरीवर बसून बाटल्यांची झाकणे ओळीने मांडत होती. तिने मान वर केली नाही. ती कुणाकडे पाहत नाही, म्हणजे तिला दिसत नाही, असा माझा एक सोयीचा समज होता. मी सुनेला हाक मारून सांगितले, “अमळनेरला जाऊन येतो. जुना सहकारी आजारी आहे.” सहकारी ठणठणीत होता. अजूनही आहे.

अमळनेरला एक बंद पडलेली तेलाची गिरणी मला माहीत होती. मागे पडके गोदाम, आवारात गवत, उंदीर भरपूर. मांजराला यापेक्षा चांगली जागा ती कोणती, हे वाक्य मी एसटीत बसल्या बसल्या तयार केले होते आणि ते मला पटलेही होते. चेन उघडली. बोका बाहेर आला, थोडा पुढे गेला आणि बसला. माझ्याकडे पाहत राहिला. मी वळून चालू लागलो. परतीच्या एसटीत थैली घडी घालून मांडीवर ठेवली होती आणि ते वाक्य बाहेरच्या बाजूला आले होते. मी ती उलटी केली.

रविवार छान पार पडला. नातीला सुनेने आतल्या खोलीत ठेवले होते. बोका कुठे गेला, असे सुनेने मला एकदा विचारले. मी म्हणालो, “गर्दीला बुजला असेल. बोकेच ते, फिरतात.” चुलतभावाने जाताना माझी पाठ थोपटली.

मी आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. ती झाली नाही. सोमवारी चार वाजता नात फरशीवर पालथी पडली आणि पाऊण तास तशीच पडून राहिली. उठली, वाटी वाजवली. दोनदा, मग एकदा. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन चौकटीकडे पाहत म्हणाली, “लाल थैली.”

सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिचे हात कणकेचे होते. “नाना, ऐकलंत? दोन शब्द जोडले तिने. पहिल्यांदा जोडले.” तिने टाळ्या वाजवल्या, नातीला आवडतात तशा, बोटांच्या टोकांनी. मग वही आणली आणि तारीख घालून लिहिले. मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, फार चांगले आहे, तिला लाल थैली दाखवा, हातात द्या, शब्द पक्का होईल.

सुनेने बाजारातून लाल थैली आणली. नातीने ती घेतली, उघडली, आत पाहिले, उलटी करून झटकली आणि खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सुनेने दुसरी आणली, जरा मोठी. तिने तीही उघडली, झटकली, खाली ठेवली. “लाल थैली,” ती मला म्हणाली. “शाब्बास,” सून म्हणाली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. संमेलनाची थैली माझ्या कपाटात पुस्तकांमागे होती.

असे पाच दिवस चालले. घरात त्या दोन शब्दांचा अर्थ कळलेला माणूस मी एकटाच होतो आणि माझा व्यवसाय जन्मभर अर्थ सांगण्याचा होता.

शनिवारी ती ते बोलली नाही. रविवारीही नाही. आणि मग ती ‘पाणी’ही म्हणेना. तहान लागली की नुसती माठापाशी उभी राहू लागली. दूध बंद केले. भाकरीचा पापुद्रा तेवढा काढून खाई. वहीत लिहायला काही राहिले नाही, तेव्हा सुनेने मागची पाने उलटून जुने शब्द एकेक म्हणून पाहिले. नात भिंतीकडे तोंड करून बसली. कुकरची शिटी झाली तेव्हा ती पूर्वीसारखी ओरडली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेलो. खिशात वाटी होती. गिरणीच्या फाटकात एक राखणदार खाटेवर बसला होता. मांजर शोधतोय म्हटल्यावर तो म्हणाला, “आठे धा-बारा मांजरे शेतस, बाबा. तुमनं कोनतं?”

“राखाडी.”

“बठ्ठा राखाडीच शेतस.”

“पट्टे आहेत.”

“पट्टा बी बठ्ठासले शेतस. कान कसा? शेपूट कशी?”

मला सांगता येईना. दोन वर्षे जे जनावर माझ्या घरात राहिले, त्याचा कान कसा होता ते मी पाहिले नव्हते. मी गोदामाच्या दगडी पायरीवर वाटी वाजवली. दोनदा, मग एकदा. एक काळी मांजर आली आणि निघून गेली. राखणदार माझ्याकडे, वेड्या पण निरुपद्रवी म्हाताऱ्याकडे पाहावे तसा पाहत होता. पुष्कळ वेळ वाजवून मी परत आलो. जी बोक्याला ओळखेल आणि बोका जिला ओळखेल, अशी एकच व्यक्ती होती. तिला घेऊन जायचे तर तिच्या आईला सांगणे भाग होते. मनाच्या उमाळ्याने मी कबुली दिली असे लिहायला मला आवडले असते. पण माझ्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता.

सून पोळ्या करत होती. मी सगळे सांगितले, तेल गिरणी, आजारी सहकारी, थैली. तिने गॅस बंद केला. आत जाऊन वही आणली आणि ते पान काढले.

“म्हणजे हा शब्द नव्हता,” ती म्हणाली. “ती सांगत होती.”

तिने त्या तारखेवर बोट ठेवले.

“आणि मी टाळ्या वाजवल्या, नाना.”

यापेक्षा जास्त ती मला काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

सकाळी आम्ही तिघे एसटीने अमळनेरला गेलो. बोक्याला परत आणायला काहीतरी हवे, म्हणून मी तीच थैली बरोबर घेतली होती. हा मूर्खपणा मला उतरेपर्यंत कळला नाही. उतरल्यावर नातीने ती पाहिली आणि आईच्या मागे गेली. गिरणीपर्यंत ती आईच्या पलीकडच्या बाजूने चालली. मी थैली राखणदाराला देऊन टाकली. त्याने तिच्यावरचे वाक्य अक्षर लावून वाचले आणि म्हणाला, “चांगलं लिखेल शे.”

नातीने पायरीवर वाटी वाजवली. मी वाजवली होती तशीच, पण मधले थांबणे माझ्यापेक्षा बरेच लांब होते. मला धीर धरवला नव्हता. पडक्या गोदामात, एका गंजलेल्या गाडीखालून बोका निघाला. बारीक झाला होता, एका कानाला जखम होती. ती त्याच्याकडे धावली नाही. गवत-मातीत, शाळेच्या गणवेशासारख्या इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये, पालथी पडली. बोका तिच्या पाठीवर चढला, एकदा फिरला आणि बसला. सून थोड्या अंतरावर उकिडवी बसली आणि ओढणीने तोंड पुसत राहिली. एसटी चुकली. कुणी घाई केली नाही. बोका सुनेच्या ओढणीत बांधून घरी आला.

अक्काला फोनवर मीच सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “भाऊ, मी मूठ काढाले सांगं. मांजर काढाले तुले कोनी सांगं?”

कुणीच नव्हते सांगितले. देवीनेही नाही.

बोका सापडल्याचे मुलाने भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. हरवला कसा होता ते सुनेने त्याला सांगितलेले नव्हते, हे मला तेव्हा कळले. चुलतभावाने लिहिले, ‘नानांनी या वयात नातीसाठी गावोगाव फिरून बोका शोधला, आदर्श आजोबा.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी बराच वेळ ते पाहत बसलो आणि मग लिहिले, ‘आभारी आहे.’

याला आता वर्ष होत आले. नातीचे ‘पाणी’ परत आले, आणखी सात शब्द आले. ‘लाल थैली’ पुन्हा आले नाही. वहीत त्या पानावर सुनेने काही खोडलेले नाही. समोर पेन्सिलीने गिरणीचे नाव तेवढे लिहिले आहे.

संध्याकाळी साडेपाचला मी भाजीला निघतो. बोका परत आल्यानंतर, दाराच्या खिळ्यावरची कापडी थैली काढली की नात उठायची, बोक्याला दोन्ही हातांनी उचलायची, आतल्या खोलीत जायची आणि कडी लावायची. रागाने नाही, पाऊस आला की खिडकी लावतात तशी. महिनाभराने मी थैली नेणे सोडले. मेथीची जुडी काखेत, टोमॅटो खिशात, असा मी देवपुरातून चालत येतो आणि माजी विद्यार्थी नमस्कार करून बाजूला होतात.

तरीही निघताना ती एकदा दाराशी येते. माझ्या तोंडाकडे ती कधीच पाहत नाही. हातांकडे पाहते, दोन्ही, आळीपाळीने. मी ते उघडून दाखवतो. मग ती आत जाते आणि बोक्याला उचलून कडी लावते.