नावं जुळवणाऱ्या बाई

बाईंनी आमची एकही फिल्म पडद्यावर पाहिली नाही. त्या फिल्म वाचायच्या. एका सॉफ्टवेअरवर केलेलं एडिटिंग दुसऱ्यावर न्यायचं असलं की मधे एक फाईल तयार होते. कोणता शॉट कोणत्या क्लिपमधून घेतला, कुठं सुरू झाला, कुठं तोडला, हे सगळं तिच्यात साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आम्ही एडिटर ती कधी उघडून बघत नाही. बाई चष्मा सारखा करून ओळीमागून ओळ वाचायच्या आणि दोन सॉफ्टवेअरचं जिथं पटत नाही तिथं हातानं दुरुस्ती करायच्या.

लातूरला त्यांचा टायपिंगचा क्लास होता. शेजारचा, लग्नाचं शूटिंग करणारा फोटोग्राफर एकदा अशीच अडकलेली फाईल घेऊन आला. बाई म्हणाल्या, "ही तर नुसती अक्षरं हायत. अक्षरांला काय भ्यायचं?" तेव्हापासून नांदेडहूनसुद्धा लोक त्यांच्याकडं येऊ लागले.

त्यांची एक सवय मला कटकटीची वाटायची. कामाला हात लावायच्या आधी हार्डडिस्कवरच्या सगळ्या क्लिपांची यादी छापायच्या आणि एकेका नावापुढं पेन्सिलनं टिंब द्यायच्या. "चित्र मागून बघा, आधी नावं जुळवा," म्हणायच्या. यादी संपेस्तोवर समोरचा चहा निवून जायचा.

तेव्हा मी नांदेडच्या एका दिग्दर्शकाकडं नुकताच लागलो होतो. चाकूरकडच्या एका म्हाताऱ्या सुईणीवर आम्ही फिल्म केली होती आणि शेवटचं रंगाचं काम हैदराबादच्या स्टुडिओत व्हायचं होतं. बाईंनी फाईल तयार करून दिली. ती घेऊन आल्यावर मला काय सुचलं कोण जाणे. कॅमेऱ्यानं दिलेले आकडे बरे दिसेनात, म्हणून डिस्कवरच्या निम्म्या क्लिपांना मी छान वाचता येतील अशी नावं दिली. स्टुडिओत फाईल उघडली तर निम्मे शॉट गायब, त्यांच्या जागी नुसता लाल पडदा. फाईल जुनीच नावं शोधत होती.

दिग्दर्शक मला आणि डिस्कला घेऊन थेट लातूरला आले. क्लासमध्ये सात-आठ मुली टाईप करत होत्या. मुलींसमोरच त्यांनी बाईंना विचारलं, हे कसं झालं. बाईंच्या आधी मीच बोललो. "कन्व्हर्ट करताना काहीतरी राहिलं असेल, सर."

बाईंनी डिस्क लावली. पडद्यावर माझी नवी नावं होती आणि टेबलावर जुन्या नावांची, टिंबं दिलेली यादी. त्यांनी दोन्हीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खिडकीकडं बघू लागलो.

"दुरुस्त करून देते," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी एकेक नाव बदललं. जिना उतरताना, वर ऐकू जाईल अशा आवाजात दिग्दर्शक म्हणाले की पुन्हा इथं यायचं नाही. हे त्यांनी इतरांनाही सांगितलं. वर्षभरात बाईंकडं फाईली येणं थांबलं.

पुढं कळालं की क्लास बंद करून त्या हिमायतनगरला भावाकडं राहायला गेल्या. एका शूटिंगच्या निमित्तानं मी तिकडं गेलो, तेव्हा पत्ता काढून भेटलो. घराच्या पुढच्या खोलीत त्या मुलींना मराठी टायपिंग शिकवत होत्या. "हे लातूरच्या माझ्या कामातले सर," अशी त्यांनी माझी ओळख करून दिली. मुली गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. बोलताना मान वर करवत नव्हती.

"मला त्याच दिवशी कळालं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नवे होता. नोकरी गेली असती तुमची."

मी माफी मागितली.

"मला सांगून काय होतंय? तुमच्या दिग्दर्शकांना सांगा."

"हाव, सांगतो," मी म्हणालो. बाई मला गाडीपर्यंत सोडायला आल्या.

दिग्दर्शक अजूनही मला काम देतात. गेल्या महिन्यात त्यांनी फोन करून विचारलं, नवी फिल्म हैदराबादला पाठवायचीय, फाईल नीट करून देणारं आपल्याकडं कुणी खात्रीचं आहे का. बाईंचं नाव ओठावर आलं होतं. पण ते घेतलं असतं तर, त्यांनीच ना गोंधळ घातला होता, असं ते म्हणाले असते आणि मग मला उत्तर द्यावं लागलं असतं.

"बघतो, सर," मी म्हणालो.