गणेशचा रेनकोट

माझी गॅलरी बरोबर पार्किंगच्या वर. पाऊस आला की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगचे सगळे गाडीवाले तिच्याखाली उभे राहून रेनकोट चढवतात, अन् चढवता चढवता बोलतात. किस्से असेच जमत जातात. मी मुद्दाम ऐकत नाही. पण भाजी निवडायला उजेड तिथंच असतो, त्याला मी काय करणार?

*

शेजारच्या जोशींकडं रेनकोट एकच. नवरा-बायको एकाच गाडीवर ऑफिसला जातात. जॅकेट जोशींच्या अंगात, पॅन्ट वहिनींच्या पायात.

"संसारात वाटून घ्यावं लागतं," जोशी मला खालून म्हणाले.

संध्याकाळी बघितलं तर जॅकेटही वहिनींच्याच अंगात होतं.

*

वरच्या मजल्यावरचा गणेश मूळचा कन्नड तालुक्यातला, वाळूजला कंपनीत कामाला. त्याची तयारी मोठी. मोबाईल दुधाच्या पिशवीत, बुटांवर कॅरीबॅग, त्यावर रबर, मग रेनकोट, मग हेल्मेट. गाडी सुरू करेपर्यंत पाऊस थांबलेला. एकदा नाही, दरवेळी. अन् रेनकोट काढून बॅगेत कोंबला की पुढच्या चौकात धो धो.

"काकू, कंपनीत विचारतात, अंघोळ करून तसाच आलास का?"

*

एका रविवारी जोशी वहिनींनी गहू धुवून गच्चीवर वाळत घातले अन् आभाळ भरून आलं. त्या सरळ गणेशच्या दारात.

"गणेशभाऊ, जरा रेनकोट घालून बसता का?"

बिचारा टीव्हीसमोर बसला, हेल्मेटसकट.

"हेल्मेट कशाला रे?" मी विचारलं.

"रिस्क नको, काकू."

गहू खडखडीत वाळले.

*

गणेशचे वडील, अण्णा, काही कामानं शहरात आले तेव्हा चहाला बोलावून मी हे सांगितलं. वाटलं, हसतील. पण त्यांच्या वावरात मक्याची पानं सुरळी होऊन उभी होती. आठवडाभरात पाऊस झाला नाही तर सगळं मोडून पुन्हा पेरायची पाळी.

"रेनकोट कवा घेतला ह्यानं?"

"मृगात," मी म्हणाले.

अण्णांनी कप खाली ठेवला. "पेरणी तवाचीच हाय."

*

त्या शनिवारी गणेश गाडीवर गावाकडं निघाला. घाटाच्या बाजूला आभाळ काळंभोर. त्यानं रेनकोटची घडी माझ्या हातात दिली.

"अण्णांचा फोन होता. हा तुमच्याकडं ठेवा. कुणाला घालू देऊ नका."

"भिजशील की रे."

"भिजलो तर बरंच ना, काकू."

संध्याकाळी मला काही राहवेना. अण्णांना फोन लावला. मागं पत्र्यावर एवढा आवाज, की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"लई पडतोय, ताई! वावरात पाणी उभं राहिलं."

"गणेश पोचला का?"

"व्हय, मघाच. चिंब झालंय पोरगं."

"टॉवेल दिला ना त्याला?"

"देऊ की," अण्णा म्हणाले. "अजून घरात घेतला नाय. अंगणातच उभा केलाय."