बाबांनी पुजलेलं कोटेशन

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्या हातात येतो. अकरावीपासून असंच चाललंय. आजोबा गिरणीत होते, बाबा दहावीपर्यंत शिकले, आई आठवीपर्यंत. कॉलेजात जाणारी मी घरातली पहिली. शहर हिंदी बोलणारं, पण इंग्रजी कागद आला की सगळेच अडतात; स्नेहलतागंजमधल्या आमच्या गल्लीत हळूहळू शेजारपाजारचेही कागद येऊ लागले. कुणाचं बँकेचं पत्र, कुणाचा दवाखान्याचा रिपोर्ट. "हिला विचारा, ही कॉलेजात आहे," असं बाबा म्हणाले की मला फार बरं वाटायचं, हे कबूल करते.

न समजलेलं समजलं म्हणायची सवय मला तिथेच लागली असावी. माझ्या वर्गातल्या मुलींना काही अडलं तर त्या घरी वडलांना विचारतात, मोठ्या भावाला विचारतात. आमच्याकडे विचारायची जागा मीच होते. मग मी पुढे कुणाला विचारणार?

बाबा शाळेची व्हॅन चालवतात. आठ मुलं, दोन फेऱ्या, बारा वर्षं. गाडीचा बीमा दरवर्षी एक ओळखीचे काका करून द्यायचे. दसऱ्याच्या आधी यायचे, चहा घ्यायचे, फॉर्म स्वतःच भरायचे आणि आठवड्याने पॉलिसी आणून द्यायचे. मागच्या वर्षी ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. बाबा दोन दिवस चिंतेत होते. मी म्हणाले, "ऑनलाइन होतं बाबा. पाच मिनिटांचं काम आहे."

"पक्कं ना?"

"पक्कं."

खरं तर एक तास लागला. फॉर्ममधले अर्धे शब्द मला कळले नाहीत. जिथे कळलं नाही तिथे मी पहिला पर्याय निवडत गेले. शेवटी पैसे भरले आणि स्क्रीनवर ते गोल चाक फिरत राहिलं. बाबांच्या फोनवर पैसे कापल्याचा मेसेज आला. ईमेलवर एक कागद आला. त्यावर बाबांचं नाव होतं, गाडीचा नंबर होता, कंपनीचा छाप होता. सगळ्यात वर इंग्रजीत "कोटेशन" असं लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं. कोटेशन म्हणजे काय याचं उत्तर मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे पूर्ण गुण घेतले होते. पण पुस्तकातला तो शब्द आणि बाबांच्या गाडीच्या कागदावरचा हा शब्द एकच आहेत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. आता नक्की सांगता येत नाही.

"झालं," मी म्हणाले.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा म्हणजे व्हॅनची पूजा. बाबा गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात आणि समोर पाटावर गाडीचे सगळे कागद मांडतात. आरसी, परमिट, फिटनेस, बीमा. प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावतात. मग त्या कागदांच्या पाया पडतात. त्या वर्षी पूजा झाल्यावर माझा कागद घेऊन ते झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि प्लास्टिकमध्ये बंद करून आणला. कुंकवाचा लाल ठिपका आत तसाच राहिला. "बेटीने काढलाय," असं त्यांनी दुकानदारालाही सांगितलं असणार. ते सगळ्यांनाच सांगायचे.

पाच-सहा दिवसांनी बाबा फोन घेऊन माझ्याजवळ आले. "बघ ना, हे काय आलंय? इंग्लिशमध्ये आहे." माझी दुसऱ्या दिवशी टेस्ट होती. मी मान वर न करता म्हणाले, "कंपनीचे मेसेज येतात बाबा. सोडा." व्यवहार पूर्ण न झाल्यामुळे पैसे परत आल्याचा तो मेसेज होता, हे मी पाहिलं ते फार उशिरा. खात्यात जास्तीची रक्कम दिसली तेव्हा कुणा पालकांनी फी टाकली असेल, असं बाबांना वाटलं.

त्यानंतर पाच महिने ती गाडी आठ मुलांना घेऊन रोज रस्त्यावर होती.

मार्चमधली गोष्ट. माझा सकाळचा पेपर होता आणि भंवरकुआंला, कॉलेजकडे जाणारी बस चुकू नये म्हणून बाबा म्हणाले, चल, मुलांना सोडता सोडता तुलाही सोडतो. मी पुढे बसले, मांडीवर पहिलीतली एक मुलगी. मागे सहावीतला एक मुलगा सगळ्यांना पाढे विचारत होता आणि स्वतः चुकत होता. चौकाच्या अलीकडे ट्रॅफिकवाल्यांनी शाळेच्या गाड्या बाजूला घ्यायला लावल्या होत्या. चेकिंग चालू होती.

बाबांना अजिबात भीती वाटली नाही. मला ते आठवतं, कारण पोलीस दिसले की ते नेहमी थोडे वाकतात. त्या दिवशी वाकले नाहीत. डॅशबोर्डमधून फोल्डर काढलं आणि शिपाई काच ठोकायच्या आधीच दार उघडून उतरले.

"लो भिया, सब कागज पूरे हैं."

शिपायाने एकेक कागद पाहिला. पाहून झाल्यावर तो फोल्डर घेऊन त्याच्या साहेब, ट्रॅफिकच्या सूबेदार बाईंकडे गेला. त्या फोनमध्ये गाडीचा नंबर टाकत होत्या. मी काच खाली केली.

"बीमा तो खत्म बता रहा है," बाई म्हणाल्या.

"नई मैडम, देखो ना, कागज लगा है. मेरी बेटी ने कंप्यूटर से करा है." बाबांनी हसून माझ्याकडे बोट दाखवलं. "बी.कॉम. में है. आज पेपर है उसका."

बाईंनी तो प्लास्टिकमधला कागद वर धरला, उन्हात तिरपा केला. "भैया, ये कोटेशन है."

"हाँ जी."

"हाँ जी क्या? कोटेशन मतलब कंपनी ने बताया है कि बीमा कराओगे तो कितना लगेगा. बीमा हुआ नहीं है. अक्टूबर से गाड़ी बिना बीमे की घूम रही है. बच्चे भर के!"

शिपाई वाकून पाहत होता. त्याने कुंकवाच्या ठिपक्यावर नख ठेवलं. "पूजा पूरी करी है मैडम. बस बीमा रह गया."

बाजूच्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर हसले. बाबाही हसले, त्यांच्याबरोबर. त्यांना अजून वाटत होतं, बाईंचीच काही चूक होतेय. मला मात्र कळलं होतं. "कोटेशन" हा शब्द बाईंच्या तोंडून ऐकला आणि व्याख्येसकट तो मला आठवला, पुस्तकात होती तशी.

बाई खिडकीशी आल्या. आवाज एकदम बदलला. बाबांशी बोलताना होता तसा राहिला नाही. "बेटा, ये आपने किया था?"

उत्तर सोपं होतं. हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, हेही खरं आहे. पण मांडीवरची मुलगी माझ्याकडे पाहत होती, मागची सातही मुलं गप्प झाली होती आणि माझ्या तोंडून काही निघेना.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. त्यांचं हसू गेलं.

"इसने नई करा, मैडम," ते म्हणाले. "मैंने करवाया था. एक दुकान से."

"अभी तो आप बोले बेटी ने किया."

"वो तो... बच्चों के सामने शान मारने को बोल दिया, मैडम. गलती हो गई. मैं कम पढ़ा-लिखा आदमी हूँ."

बाईंनी माझ्याकडे आणखी एकदा पाहिलं. त्यांना कळलं असावं. "इतने बच्चों की जिम्मेदारी है तेरे ऊपर," त्या बाबांना म्हणाल्या. आता त्या "तू"वर आल्या होत्या. "समझ में नहीं आता तो किसी से पूछ लेता." बाबा हो जी, हो जी करत राहिले. बाईंनी चालान बनवलं. मुलांना शाळेत सोडून गाडी थाण्यावर, पोलीस स्टेशनात लावायची, असं सांगून शिपायाला आमच्याबरोबर बसवलं.

मी मागे मुलांत सरकले. सहावीतल्या मुलाने विचारलं, "अंकल, आप जेल जाओगे क्या?"

"तू पहाड़ा बोल," बाबा म्हणाले. "तेरह का."

शाळेपासून मी रिक्षाने गेले. बाबा म्हणाले, "तू टेन्शन नको घेऊस. पेपर नीट लिही." मी नीट लिहिला. चांगले गुणही मिळाले. त्याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

पेपर लिहिताना मध्येच मला थंडीतला एक दिवस आठवला. धुक्यात एका स्कूटीवाल्याने व्हॅनला घासलं होतं. त्याचं कोपर खरचटलं होतं, बाबांनी त्याला पाणी पाजलं, पट्टी बांधली आणि घरी येऊन "देवाने वाचवलं" म्हणाले होते. तेव्हा मी त्यांना म्हणाले होते, "घाबरता कशाला, बीमा आहे ना." हे वाक्य मी उच्चारलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये बसून मी ते पुन्हा पुन्हा ऐकत होते. तो स्कूटीवाला चाकाखाली आला असता तर? आमच्या मुलांपैकी कुणाला काही झालं असतं तर? बाबांनी मग कोणता कागद काढून दाखवला असता?

घरी आले तेव्हा बाबा पलंगावर बसले होते. दुपारी मुलांना आणायला दुसऱ्या एका व्हॅनवाल्याला सांगितलं होतं. आई तांदूळ निवडत होती. मुलांनी घरी जाऊन सांगायचं ते सांगितलं होतं. पालकांच्या ग्रुपवर दुपारपासून मेसेज येत होते. अंकलच्या गाडीचे कागद नकली आहेत म्हणे. पोलीस गाडीत बसला होता म्हणे. एका वडलांनी लिहिलं होतं, बारा साल से भरोसा किया.

"लिही," बाबा म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. "हिंदीत लिही, नीट."

"बाबा, मी लिहिते की ते मी केलं होतं."

"वेडी आहेस का?"

"पण मीच केलं ना. तो पैसे परत आल्याचा मेसेज पण तुम्ही मला दाखवला होता. मी बघितलासुद्धा नाही."

हे त्यांना माहीत नव्हतं. आईचा हात सुपात थांबला.

"असू दे," ते म्हणाले. "ड्रायव्हर अडाणी असला तर लोकांना चालतं, बेटा. ते धरूनच चालतात. पण शिकलेली मुलगी..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं, कारण त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. मला वाचवायला म्हटलं होतं.

"अहो, पण तिला लिहू द्या ना खरं," आई म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. उद्या तिला नोकरी लागायची आहे. याच लोकांत कुणी बँकेत आहे, कुणी ऑफिसात आहे. लिही गं."

मी भांडायला हवं होतं. मला वाटतं, मी आणखी दोनदा नाही म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पण मी एकदाच म्हटलं. मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. नमस्ते जी. गाड़ी का बीमा नहीं निकला, गलती मेरी है. मैं कम पढ़ा-लिखा हूँ, कागज समझ नहीं पाया. कल बीमा करवाऊँगा, परसों से गाड़ी आएगी. आपके बच्चे मेरे भी बच्चे हैं.

मी ते वाचून दाखवलं. "पढ़ा"मधल्या ढच्या खालचा ठिपका, नुक्ता, राहिला होता, तो दिला. बाबा म्हणाले, "छान लिहितेस." मी पाठवलं.

उत्तरं लगेच आली. सगळी रोमन अक्षरांतल्या हिंदीत, जी बाबांना अक्षर अक्षर जोडत वाचावी लागतात. दोन घरांनी लिहिलं की आता आम्हीच मुलांना सोडू. बाकीच्यांनी होकाराचा अंगठा टाकला. एका आईने लिहिलं होतं, "भैया, इतनी बड़ी बात थी, किसी पढ़े-लिखे को तो दिखा लेते."

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं. चष्मा त्यांनी शोधलासुद्धा नाही.

"चालेल म्हणतायत."

"सगळे?"

"सगळे."

बाबांनी सुस्कारा सोडला. दिवसभरात पहिल्यांदाच ते भिंतीला टेकून बसले. मग आईला सांगायला लागले की परवा दहा मिनिटं आधी निघायला हवं, आणि पहिल्या घरी स्वतः वर जाऊन हात जोडून येतो, फार चांगली माणसं आहेत ती. नको म्हणणाऱ्या दोन घरांपैकी एक तेच होतं. मी फोन बंद करून त्यांच्या उशाशी ठेवला.