साइट सुरक्षित, खोली रिकामी

नाहूरला आमच्या गावच्या मंडळाची एक खोली आहे. गिरण्या होत्या तेव्हा गावाहून आलेल्या पोरांनी परळात एक गाळा घेतला होता. गिरण्या गेल्या, गाळा विकला आणि त्यातून ही खोली आली. गावाहून कुणी उपचाराला आलं तर बरोबरच्या माणसांना राहायला जागा असावी, हा उद्देश. उद्देश संगमरवरी पाटीवर कोरलेला आहे, त्यामुळे तो थोर असणारच.

माझ्या चुलतभावाचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्याला नाहूरजवळच्या एका इस्पितळात दाखल केलं, तेव्हा वहिनी बरोबर आली. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणसाला थांबू देत नाहीत. मी राहतो दहिसरला. घरी चल म्हटलं तर म्हणाली, "भावजी, रातीक वॉर्डबॉय हाक मारता, ह्या आण, त्या आण. तुमच्या थयसून मी येतलय कधी?" म्हणून ती व्हरांड्यातल्या बाकड्यावर राहिली. अंघोळ नाही, पाठ टेकायला जागा नाही. खोली रिक्षाच्या अंतरावर, रिकामी, कुलूपबंद.

कुलूप अशासाठी की नोंदणी फक्त मंडळाच्या संकेतस्थळावरून होते. तिथे अर्ज भरायचा, मंडळाचा मेल येतो, तो अध्यक्षांना दाखवला की चावी मिळते. अर्ज मी भरला. मेल आला नाही.

ही साइट मीच बघतो, फुकट, कारण मंडळात कॉम्प्युटरवर पोट भरणारा मी एकटाच. जिच्याकडे साइट ठेवली आहे त्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं: साइटमध्ये व्हायरस शिरल्याचा संशय आहे, तिच्यावरून कचरा मेल जात होते, म्हणून आम्ही मेल बंद केले आहेत. आमच्या स्कॅनरने साइट तपासून स्वच्छ ठरवली की चालू करू. तपासा म्हटलं. अहवाल आला: साइटपर्यंत पोहोचता आले नाही.

तो मी अध्यक्षांना पाठवला. अध्यक्ष सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. खुर्ची तेवढी सुटली नाही. लगेच फोन आला, आवाजात आनंद.

"बघितलंस? तपासणाऱ्यालासुद्धा आत शिरता येत नाही, इतकी आपली साइट सुरक्षित!"

"सर, ती आतून सडलीय. आपण डॉक्टरला दारात अडवलंय."

"अहवालात व्हायरस सापडला असं लिहिलंय का?"

"नाही, पण तो आतच गेला नाही तर..."

"मग झालं तर."

"बरं, मग चावी द्या. वहिनी बाकड्यावर झोपतेय."

"मेल आला का?"

"मेल बंद आहेत, म्हणून तर फोन केला ना!"

"मग नोंद कुठाय? नियम सगळ्यांना सारखा. तुझ्यासाठी मोडला तर उद्या माझं कोण ऐकेल?"

आज कोण ऐकतं, हे विचारायचं मी टाळलं. चावी त्यांच्याकडे होती.

मी कामाला लागलो. साइटचा पत्ता बरोबर होता. तिच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपलेली नव्हती. माझ्या घरून उघडत होती, ऑफिसातून उघडत होती, खालच्या भाजीवाल्याच्या मोबाइलवरही उघडली. फक्त स्कॅनरला उघडत नव्हती. शेवटी कंपनीच्या माणसाला विचारलं, तुमचा स्कॅनर बसतो कुठे? "परदेशातल्या सर्व्हरवर, सर."

मग मला मस्कतवाला आठवला. आमच्या गावचा एक जण तिकडे नोकरीला आहे. त्याने मागे साइटच्या अभिप्रायात लिहिलं होतं की खोलीतल्या पाटीवर अकरा नावं आहेत आणि संडासात बल्ब नाही. त्यावर कार्यकारिणीची तातडीची सभा झाली होती. बल्बवर नव्हे. परदेशस्थ गावकऱ्यांच्या भावनांचा पूर्ण आदर राखून असा ठराव झाला की भारताबाहेरून कुणालाही साइट उघडता येऊ नये. साइट बनवणाऱ्याने तशी सोय करून दिली. तेव्हापासून मस्कत गप्प, आणि आता स्कॅनरही बाहेर.

ती अडवणूक काढू का, असं अध्यक्षांना विचारलं.

"कार्यकारिणीचा ठराव कार्यकारिणीच रद्द करू शकते. रविवारी सभा आहे, विषयपत्रिकेवर घेतो."

संध्याकाळी इस्पितळात गेलो. वहिनी पिण्याच्या पाण्याच्या नळावर तोंड धूत होती, मागे रांगेतली माणसं कुरकुरत होती. रविवारच्या सभेचं सांगितलं. तिने पदराने मान पुसली.

"सभा कसली, भावजी? माका नुसती आंघोळ करूची आसा."

घरी येऊन मी ठराव रद्द केला. एका टिचकीत झाला, अनुमोदक लागला नाही. स्कॅनर आत गेला आणि व्हायरस सापडला तो 'सत्कार सोहळे' या पानावर. तिथले फोटो आपोआप सरकवणारा जो प्रोग्राम होता, त्यातच तो बसला होता. शाल, श्रीफळ, तेच चार चेहरे, आणि मागून जगभर कचरा. तेवढीच फाइल काढता आली असती. मी सगळं पान उडवलं. याला तांत्रिक कारण नाही.

साइट स्वच्छ ठरली, दुसऱ्या दिवशी मेल सुटले. मुलुंडला अध्यक्षांच्या घरी जाऊन मेल दाखवला, त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि चावी दिली. इस्पितळात पोचलो तर वहिनी पिशव्या भरत होती.

"ह्येंका आता सोडतत. गाडी सांगितली हा गावाक जावक."

मी चावी हातात धरून उभा. इतके दिवस ती खोली तिच्यासाठीच रिकामी होती आणि तिला तिथे तांब्याभर पाणी अंगावर घेता आलं नाही. माझा चेहरा बघून वहिनीनेच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली बाई दाखवली. साताऱ्याकडची होती.

"चावी हिका द्या. हिचो घोव कालच दाखल झालो. रातभर हयच बसान होती."

मी त्या बाईला रिक्षाने नाहूरला नेलं आणि कुलूप उघडून दिलं. जिना उतरत होतो तेवढ्यात अध्यक्षांचा फोन.

"वहिनी पोचल्या ना? खोलीतला एक फोटो काढून पाठव. लाभार्थी म्हणून साइटवर टाकू."

"वहिनी गावी निघाली. खोलीत दुसरी बाई आहे."

"कुठल्या वाडीतली?"

"आपल्या गावची नाही. घाटावरची आहे."

"असं करता येत नाही," ते म्हणाले.

"केलंय," मी म्हणालो. "ठराव रविवारी करा."