पोटात काही आहे का

सिंदेवाहीच्या औषधाच्या दुकानातले भाऊ गिऱ्हाइकाशी बोलताना हातातल्या कात्रीकडेच पाहतात. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया कंबरदुखीची गोळी मागायला आल्या की पाकीट कापण्याआधी ते विचारत, "पोटात काई हाय का?"

"गोळी देता का पंगत वाढता, भाऊ?" एक बाई हसली.

"आंगातला जो रस गुडघा सुजवते, तोच पोटाचं अस्तर राखते, बाई. गोळी दोन्हीकडचा रस बंद करते. उपाशी घेशीन तं पोट सोलून निघन."

मी चौथीच शिकले, पण हे मला समजलं होतं. आईला भरल्या पोटी वाकवत नसे, म्हणून ती पहाटे उपाशीच गोळी गिळून बांधीच्या चिखलात उतरे. तिची गोळी आणायला मीच जाई. भाऊ मला विचारत, "माय खाऊनच घेते ना?" चार बायांपुढे नाही म्हणायची लाज वाटे, म्हणून मी होकारार्थी मान हलवत असे.

रोवणा संपायच्या आत आईला काळी उलटी झाली. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिचा जीव गेला.

तेरवीनंतर भाऊंनी मला हाक मारली. "खाऊनच घेत होती ना?"

मी पुन्हा मान हलवली.

"मंग माह्याच हातानं मेली ते," भाऊ म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी ती गोळी ठेवणं बंद केलं.

आता बाया ती किराणा दुकानातून आणतात. पहाटे बांधीवर माझ्या शेजारी उभ्या राहून उपाशीच गिळतात, आणि मी गप्प राहते.